पंचम काळ आणि आपला तराजू

मालात भेसळ वा मापात खोट निघाली की 'पंचम काळच हा!' असे म्हणून मोकळे होण्याची रीत पडू पाहत आहे. आम्हांस ती मान्य नाही. अवसर्पिणीचा हा पाचवा आरा २१,००० वर्षांचा. त्यात जन्मलेल्यास येथून मोक्ष नाही असे शास्त्र सांगते, सचोटी नाही असे सांगत नाही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ज्ञान, दर्शन व चारित्र यांसच योग म्हटले. खोटे माप व भेसळ हे तर अचौर्यव्रताचे अतिचार होत. बऱ्हाणपुराने फारुकी, मोगल, शिंदे, इंग्रज अशी सत्ताचक्रे पाहिली. परंतु उताराचे माप चोख धरून १६१५ साली खोदलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचे पाणी अद्याप वाहते. काळचक्र फिरणारच, तराजू मात्र आपल्या हाती आहे.