व्हिडिओ दाखवला म्हणजे शिकवलं का?

एके काळी आयआयटीच्या प्राध्यापकांचं लेक्चर ऐकायचं तर आधी आयआयटीत नंबर लागावा लागायचा. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने मिळून 'एनपीटीईएल' सुरू केलं आणि हे चित्र बदललं. आज जालन्याच्या होस्टेलवर बसून तीच लेक्चर्स फुकट बघता येतात. ही काही लहान गोष्ट नाही.

पण बघणं वेगळं आणि समजणं वेगळं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजी लेक्चर मला जड जात नाही. अंबड, परतूर, भोकरदनकडून मराठी माध्यमातून आलेल्या आणि गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार असलेल्या मैत्रिणींची गाडी मात्र भाषेवर अडते. वर्गात प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावला की 'जरा थांबवा' म्हणायला सगळ्यांसमोर हात कोण वर करणार? कोणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना समजलं, असं धरून चालतात. नेटमुळे आपल्यातली दरी कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर काय उपयोग?

यावर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ची पद्धत मला पटते. धडा साधारण दहा मिनिटांचा. स्क्रीनवर सगळं इंग्रजीत, म्हणजे नोकरीत लागणारे शब्द ओळखीचे होतात. आवाज मात्र बऱ्याच धड्यांना मराठीतही मिळतो. एक पायरी बघायची, व्हिडिओ थांबवायचा, स्वतःच्या कॉम्प्युटरवर करून बघायची, मगच पुढे जायचं. धडे आधी डाउनलोड केले तर नेट गेलं तरी अडत नाही.

हेच इतर विषयांतही करता येईल. हीट ट्रीटमेंटचं लेक्चर मधेच थांबवून सरांनी आपल्या एमआयडीसीतल्या सळईचं उदाहरण द्यावं. लाल सळईचा वरचा थर पाण्याने झटकन थंड होतो आणि मग आतली उष्णता त्यालाच पुन्हा तापवते, म्हणून टीएमटी बार बाहेरून कडक पण आतून लवचिक राहतो. जालन्याच्या मुलाला हे मराठीत एकदा सांगितलं तर तो जन्मात विसरणार नाही. ते काम व्हिडिओ करणार नाही, आपले सरच करतील.

म्हणून सर-मॅडमना विनंती: दहा मिनिटं व्हिडिओ, मग दहा मिनिटं मराठीत चर्चा. आणि आपण होस्टेलवाल्यांनी रात्री डाउनलोड करताना पिक्चरसोबत दोन धडेही घ्यावेत. बघा, पटतंय का!