रायफल घ्याल, तर तिची शिदोरीही घ्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



पोलिसांच्या शस्त्रागारात मी आर्मरर म्हणून नोकरी केली. नव्या रायफलींच्या खरेदीची फाइल आपल्यापुढे येईल, तेव्हा हे पत्र आठवावे, एवढीच विनंती.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत सीएसटी स्थानकावर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादवांनी सहकाऱ्याची .३०३ रायफल हाती घेऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळेंच्या हाती फक्त काठी होती. हिंमत कमी पडली नाही, हत्यार कमी पडले. .३०३ला प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागतो. तेवढ्यात समोरचा गोळ्यांची फैर झाडून मोकळा होतो. हे सगळ्यांना पटले. पण या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दाखवलेली दुसरी उणीव लवकर विस्मरणात गेली: दारूगोळा अपुरा असल्याने पोलिसांचा गोळीबाराचा सरावच होत नव्हता.

मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एका मुख्यालयात एसएलआर रायफलीचा सराव होता. मागणीपत्रावर नुसते ‘७.६२’ लिहिले होते आणि पेटी आली एके-४७च्या काडतुसांची. गोळीचे माप नावाला तेच, पण एसएलआरच्या काडतुसाची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब आणि एकेची ३९. पोझिशन घेऊन पडलेले शिपाई उठून, चटया गुंडाळून परत गेले. आणखी एकदा पुंगळी बाहेर खेचणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मिळेना. ती ढिली पडली की झाडलेली पुंगळी आतच अडकते, पुढची गोळी चढत नाही. शेवटी निकामी ठरवलेल्या रायफलीतली काढून लावली. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण तिच्यावाचून चार किलोंची रायफल काठीच होते.

म्हणून मागणे असे. एका तुकडीत शक्यतो एकाच मापाचे काडतूस चालेल, अशी शस्त्रे निवडा. खरेदीच्या करारातच जादा मॅगझिन, फायरिंग पिन, स्प्रिंगा आणि पुढच्या अनेक वर्षांचे सुटे भाग लिहून घ्या. आर्मररच्या जागा रिकाम्या ठेवू नका. सरावाच्या आणि आणीबाणीच्या गोळ्यांचा हिशेब वेगळा ठेवा, म्हणजे ‘वेळेला लागतील’ म्हणून सराव बंद पडणार नाही. जुना साठा सरावात संपवावा, नवा राखीव ठेवावा. खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत काडतुसे बनतात. ती आपल्याच शिपायाला मोजूनमापून मिळावीत, हे मनाला लागते.

सराव संपला की आम्ही पुंगळ्या मोजून जमा करत असू. यापुढे तयारीचा अहवाल मागवाल, तेव्हा रायफली किती आहेत एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक शिपायामागे वर्षभरात किती पुंगळ्या जमा झाल्या, तेही विचारा.

आपला,
एक निवृत्त आर्मरर