परदेशवासाचा सनदशीर मार्ग

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेली मुले-मुली आज परदेशी स्थिरावू पाहतात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. मात्र दागिने मोडून दलालाचे हात ओले करावेत आणि मुलाला पर्यटक व्हिसावर आखाती देशात कामाला धाडावे, हा प्रघात आम्हांस घातक वाटतो. त्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर असते. मजुरी बुडाली तरी दाद मागण्याची सोय उरत नाही. कारण तक्रार करणाराच गुन्हेगार ठरतो.

सनदशीर वाटा संथ आहेत, पण त्या आहेत. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटास नोंदणी सक्तीची आहे; ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येते. उच्चशिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनीत पदवी मिळविणाऱ्यास नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत राहता येते. योग्य नोकरी मिळाल्यास पुढील निवासाचा परवानाही मिळू शकतो.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी करार करून, शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि तो पूर्ण केला. विलंब झाला, पण वाट बंद झाली नाही.

म्हणून परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीबरोबर आपला अनुभवही संस्थेस द्यावा. करारपत्र व व्हिसा वाचून दाखविणारा एक मार्गदर्शन कक्ष येथे उभा राहावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.