ड्रमपुढची काच आणि काचेमागचा मुलगा

डिसेंबर-जानेवारी म्हणजे आपल्याकडे स्नेहसंमेलनांचा हंगाम. शाळा, कॉलेज, महिला मंडळ, कॉलनीचं मंडळ, कुठे ना कुठे रंगमंच सजलेला असतो. एखादं मराठी भावगीत, एखादं कन्नड भावगीत, मग दोन हिंदी गाणी, हा आपल्या भागातला ठरलेला क्रम. तबला-ढोलकीच्या शेजारी आता ड्रमसेटही आला आहे. मग दुसऱ्या गाण्यालाच पुढच्या रांगेतली आजी-आजोबा मंडळी मागे वळून साउंडवाल्याला खुणा करू लागतात, "स्वल्प कडिमी माड्री!" साउंडवाला बिचारा काय कमी करणार? ड्रमचे माईक त्याने आधीच बंद केलेले असतात. जो आवाज कानावर आदळतो आहे, तो स्पीकरमधून येतच नाही, तो थेट वाद्यातून येतो आहे.

यात मुलाचा दोष नाही, वाद्याचा जन्मच तसा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठा ढोल, छोटा ढोल आणि झांज वाजवायला वेगवेगळी माणसं लागत. १९०९ च्या सुमारास शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने चालणारं चांगलं पेडल बाजारात आणलं आणि हे सगळं एकट्या माणसाच्या हातापायांत आलं. तेव्हा रंगमंचावर माईक नव्हते. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनच्या बरोबरीने ऐकू जायचं तर वाद्य मुळातच दणदणीत हवं. आपण तेच वाद्य तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये, कोवळ्या आवाजात गाणाऱ्या मुलीच्या पाठीमागे ठेवतो.

मग रंगमंचावर आवाजाची चढाओढ सुरू होते. गाणाऱ्या मुलीला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, म्हणून ती समोरचा मॉनिटर वाढवायला सांगते. कीबोर्डवाला आपला आवाज वाढवतो, गिटारवाला त्याच्यावर कडी करतो. तिच्या माईकमध्ये तिच्या आवाजाबरोबर मागची झांजही शिरते. त्यामुळे तिचा आवाज वाढवला की झांजही वाढते. शेवटी ती ओरडून गाते आणि सूर चढतो. घरी येताना आई म्हणते, "आज तुझं गाणं नीट लागलं नाही." खरं तर तिला स्वतःचं गाणं ऐकूच आलेलं नसतं.

यावर उपाय म्हणून हल्ली ड्रमपुढे पारदर्शक भिंत उभी करतात. अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये आणि टीव्हीच्या कार्यक्रमांत ती पूर्वीपासून दिसते. आपण तिला 'काच' म्हणतो, पण ती असते ॲक्रिलिकची. साधारण पाव इंच जाड, दोन फूट रुंद आणि चार ते साडेपाच फूट उंच असे पाच-सहा तक्ते बिजागऱ्यांनी जोडून ड्रमभोवती अर्धगोल उभे करतात. वादक दिसतो आणि आवाज अडतो, अशी कल्पना.

आवाज अडतो, पण सगळा नाही. झांजेचा तिखट आवाज आखूड लाटांचा असतो. ५००० हर्ट्झच्या स्वराची लाट जेमतेम ७ सेंटीमीटर लांब. अशी लाट तक्त्यावर आपटते आणि मागे फिरते. मोठ्या ढोलाचा खर्ज मात्र ६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे लाट साडेपाच मीटर, जवळजवळ अठरा फूट. पाच फुटांच्या भिंतीला ती काय जुमानणार? ती वरून आणि बाजूंनी वळसा घालून बाहेर येतेच. त्यामुळे काच लावल्यावर झांज आणि स्नेअरचा कडकडाट कमी होतो, गाण्याचे शब्द मोकळे होतात, पण छातीत बसणारा 'धम्म' बराचसा तसाच राहतो. 'एवढे भाड्याचे पैसे देऊनही ड्रम ऐकू येतोच,' ही तक्रार यातूनच निघते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अडलेला आवाज जातो कुठे? न्हाणीघरात तांब्या पडला तर घर दणाणतं, तोच गाद्या ठेवलेल्या खोलीत पडला तर तेवढं जाणवत नाही. गुळगुळीत कठीण पृष्ठभाग आवाज गिळत नाही, परत फेकतो. ॲक्रिलिकही तेच करतं. म्हणजे पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या कानांवरून जो भार उतरला, त्यातला बराचसा काचेआड बसलेल्या मुलाच्या कानांवर चढला. प्रेक्षक खूश, गायिका खूश, आणि चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा त्या पारदर्शक पिंजऱ्यात दुप्पट मार खातो आहे. आणि हे कुणाला दिसत नाही, कारण तो तर छान हसत वाजवत असतो!

आकडे पाहिले की गांभीर्य कळतं. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने जी शिफारस केली आहे, तिच्यानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास चालतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जोरात वाजवलेल्या ड्रमजवळ १०० डेसिबल सहज ओलांडले जातात, तेही काचेशिवाय. आपली मुलं तर महिनाभर रोज तास-दीड तास तालीम करतात. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून काच लावायची तर एकटी लावू नये. मुलाच्या पाठीमागे आणि जमल्यास डोक्यावर आवाज पिणारं काहीतरी हवं. व्यावसायिक मंडळी फोमचे किंवा काचलोकरीचे, कापडात मढवलेले जाड तक्ते वापरतात. ते परवडत नसतील तर दोरीवर दुहेरी टाकलेली जाड गोधडी, आपली कौदी, झांजेचा तिखटपणा बराच शोषते. खर्ज मात्र तिलाही ऐकत नाही. खाली सतरंजी अंथरावी. काचेची वरची कड झांजांच्या वर जायला हवी, नाहीतर उपयोग नाही. तक्ते थोडे तिरपे ठेवावेत, नाहीतर मॉनिटरचा आवाज काचेवरून थेट गायकाच्या माईकमध्ये येतो आणि शिट्टी सुरू होते. कौदी दिव्यांपासून लांब बांधावी आणि आत उकडतं म्हणून पाण्याची बाटली ठेवावी.

पण काच मागवण्याआधी काही बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत. पहिला उपाय हाताचा. आपल्या दोन्ही भाषांत यासाठी चांगले शब्द आहेत. मराठीत आपण वाद्य 'वाजवतो' किंवा रागाने 'बडवतो'. कन्नडमध्ये 'बडि' म्हणजे मार, आणि वाद्य वाजवणं म्हणजे 'नुडिसु', त्याला बोलतं करणं. बैठकीत तबलजी गवयाच्या हाताच्या अंतरावर बसतो, तरी एक शब्द झाकला जात नाही, कारण तो बोलतं करतो. बेळगाव-धारवाडच्या श्रोत्यांना हे सांगायला नको. ड्रम शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या महिन्यापासून हळू वाजवायला शिकवलं तर निम्मं काम तिथेच होतं. हळू आणि तरी लयीत वाजवणं जास्त अवघड असतं, हे मुलांना कळलं की त्यांनाही त्यात गोडी वाटते.

दुसरा उपाय साहित्याचा. जाड काठ्यांऐवजी बारीक काठ्या, भावगीताला बारीक कामट्यांच्या जुडीच्या 'रॉड' किंवा तारेचे ब्रश. स्नेअरवर घडी घातलेला रुमाल, मोठ्या ढोलात एक जुनी उशी. ज्या खर्जाला काच अडवू शकत नाही, तो उशी उगमालाच आवरते. तिसरा उपाय जागेचा. ड्रम गायकाच्या बरोबर पाठीमागे न ठेवता बाजूला, जरा लांब ठेवावा आणि गायकाने माईक ओठांजवळ धरावा. छोट्या हॉलमध्ये तर सरळ ऑक्टोपॅड घ्यावा. आपल्या वाद्यवृंदांनी तो १९८० च्या दशकानंतर उगाच नाही उचलला, त्याचा आवाज एका बटणावर कमी होतो.

रंगमंच शांत झाला की बाहेरचे स्पीकरही लहान पुरतात आणि शेजारचं घर झोपू शकतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एकट्या ड्रमने ती कुठे राहते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि पालकांसाठी एक छोटं काम. तालमीनंतर घरी आलेल्या मुलाला विचारा, "कानात शिट्टी वाजते का? आमचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं का?" उत्तर हो असेल तर त्या आठवड्यात ड्रमला सुट्टी. तक्रार दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. कानात कापूस कोंबून भागत नाही. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, त्यांनी आवाज कमी होतो पण सूर बिघडत नाही. मुलाला काठ्यांची जोडी घेतली त्याच दिवशी इअरप्लगचीही घ्यावी. संमेलनाच्या समितीने काचेचं भाडं ठरवताना मागच्या कौदीची आणि या इअरप्लगची तजवीज आधी करावी. पुढच्या रांगेच्या कानांची काळजी घेताना काचेमागचे दोन कानही आपलेच आहेत.