पंचाहत्तर वर्षांचा कागद आणा!

दोस्तहो, जंगल म्हटलं की आपल्या वस्तीतला पोरगा कूस बदलतो. झाडं वाचवणं हे गॅलरीत कुंड्या जपणाऱ्यांचं काम. इथं नळाला पाणी नाही, नोकरीचा पत्ता नाही, आणि तुम्ही बांबूचं काय लावलंय? परवा एकाने हे तोंडावर ऐकवलं. राग खराच होता त्याचा. फक्त त्याला मेंढा-लेखा माहीत नव्हतं.

गडचिरोली जिल्ह्यातलं हे गोंडांचं गाव. इंग्रजाने 1878 आणि 1927 चे कायदे करून जंगल सरकारचं केलं. इंग्रज गेला, 1927 चा कायदा राहिला. मग बांबू कागदगिरणीला लीजवर. गोंडाने कुडासाठी चार काठ्या तोडल्या की तो चोर. गिरणीने ट्रक भरभरून नेला की विकास! गावाने ग्रामसभा बसवली, बहुमताने नाही, सगळ्यांच्या एकमताने निर्णय घ्यायचे ठरवलं, आणि तोड अडवली. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार असेल, गावात आम्हीच सरकार. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 ला गावाला 1,809 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना देईनात! म्हणे, बांबू हे झाड, म्हणजे लाकूड, म्हणजे खात्याचं. अरे, बांबू गवत आहे! आणि याच 2006 च्या कायद्यात तो गौण वनोपज म्हणून चक्क छापलाय. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं.

हे वृक्षप्रेम नाही बाबांनो. मालक कोण, हा सवाल आहे. 1964 ला आपली माणसं पडीक जमिनीसाठी, गायरानासाठी तुरुंगात गेली ती याच सवालावर. आणि 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण याचं उत्तर देताना अनुसूचित जमातीही धरल्या होत्या. आपण ते वाचतो, टाळ्या पिटतो आणि कूस बदलतो.

आता आपल्यावर आलेलं बघा. जंगलावर फक्त आदिवासी जगत नाहीत. गडचिरोली-चंद्रपुरात आपली बौद्ध माणसंही मोह वेचतात, तेंदू तोडतात. कायद्याच्या भाषेत ती ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्यांना अट काय? 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं असल्याचं सिद्ध करा. हिशेब करा : 1930! ज्या साली बाबासाहेबांचा सत्याग्रह काळारामाच्या दारात उभा होता, त्या साली आपल्या पणज्याचं नाव कुठला पाटील-कुलकर्णी वहीत लिहून ठेवत होता? ज्यांना अक्षराजवळ फिरकू दिलं नाही, त्यांच्याकडेच साला कागद मागायचा! (यावरून कुणी आदिवासींवर डोळे वटारू नयेत. अट त्यांनी घातलेली नाही. दोघं भांडले की ठेकेदाराचंच फावतं.)

पण 2008 च्या नियमांत एक वाट आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. जुनं निस्तारपत्रकही दाखवता येतं. आपल्यात बी.ए., एलएल.बी. झालेले किती पडलेत! जयंतीच्या डीजेवर घसा फोडणाऱ्यांनी सुट्टीत आठ दिवस तिकडे जावं, वह्या न्याव्यात आणि म्हाताऱ्यांपुढे बसून जबाब लिहून काढावेत. ती माणसं नव्वदीला टेकली आहेत.