कोकमाच्या पिशवीवर चिठ्ठी हवी

रोपावरून झाड ओळखणं आमच्या कोकणात पोरासोरांनाही जमतं. आंब्याचं पान चुरगळलं की कैरीचा वास येतो. फणसाच्या रोपाला कधीकधी कातरलेली पानं फुटतात, झाड वाढलं की नवी पानं अखंड येतात. कोकमाची पालवी तांबूस, पानं समोरासमोर, आणि चावलं की जीभ आंबट.

पण कोकमाचं रोप नर की मादी, हे भल्याभल्यांना पानावरून सांगता येत नाही. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं फुलोरा आल्यावर, सहा-सात वर्षांनी. तोवर जागा अडली, खतपाणी गेलं. परागासाठी थोडे नर हवेत. अर्धी बाग नव्हे.

म्हणून रोपवाटिकांना सक्ती करा, असं मी ठामपणे म्हणतो. पिशवीवर लिहा: रोप बियांचं की कलम, कलमाची काडी नर झाडाची की मादी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही कोकमाची जात कलमांनीच वाढवतात. घेणाऱ्यानेही खोडावरून बोट फिरवावं, कलमाचा सांधा हाताला लागतो. आणि काडी शेंड्याची की आडव्या फांदीची, हेही विचारा; फांदीच्या काडीचं झाड जमिनीलगत पसरतं.