गेवराईच्या वाड्यांचे फोटो आत्ताच गोळा करा

गेवराई तालुक्यात एखादा जुना वाडा पाडायला काढला की आधी सागवानी तुळया आणि खांबांचा सौदा होतो. मग चौकटी जातात, जोत्याचे घडीव दगड जातात. माळवदाची पांढरी मातीसुद्धा ट्रॉलीत भरून शेतात टाकली जाते. प्रत्येक गोष्टीला गिऱ्हाईक मिळते. ओसरीवर टांगलेल्या तसबिरी तेवढ्या नव्या घराच्या माळ्यावर चढतात, आणि तिथे त्यांना कसर लागते.

असा एक फोटो जरा निरखून पाहावा. मधोमध खुर्चीवर पागोटे बांधलेले आजोबा, शेजारी नऊवारीतली आजी, पायाशी टोपी घातलेली मुले. घरच्यांची नजर या माणसांवरच खिळते. पण त्यांच्या पाठीमागे कमळ कोरलेली गणेशपट्टी आहे, पणतीच्या काजळीने काळवंडलेली देवळी आहे, कडेला तुळशी वृंदावनाचा कोपरा आला आहे. फोटो काढणाऱ्याने माणसे टिपली आणि वाडा आपसूक टिपला गेला. पुढे तो वाडा पडला असेल, तर तो कसा होता हे सांगणारा हाच एक कागद उरतो.

इंग्लंडमधल्या लोकांना या कागदाचे मोल लवकर कळले. 1890 च्या सुमारास वॉरिकशायर या परगण्यात जेरोम हॅरिसन या विज्ञानशिक्षकाच्या कल्पनेतून बर्मिंगहॅमच्या हौशी छायाचित्रकारांनी परगण्याची पाहणी हाती घेतली. चर्च, जुनी घरे आणि गल्ल्या त्यांनी कॅमेऱ्यात टिपून ठेवल्या. काचेचे कारखानदार बेंजामिन स्टोन यांनी 1897 मध्ये तीच कल्पना देशभर नेली. पुढे 1941 मध्ये जर्मन बॉम्बनी शहरे उद्ध्वस्त होत असताना इमारतींची छायाचित्रे जमवण्यासाठी ‘नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड’ उभे राहिले. यातली पहिली पाहणी सरकारी हुकमाने झालेली नाही, ही गोष्ट गेवराईकरांनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

मराठवाड्यातही एकोणिसाव्या शतकात कॅमेरा फिरत होता. पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांनी 1875-76 च्या हंगामात निजामाच्या मुलखात पाहणी केली. औरंगाबाद आणि धाराशिवची लेणी त्यांच्या 1878 च्या अहवालात आहेत. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या 1892 च्या अल्बममध्ये निजामाच्या राज्यातल्या वास्तू आहेत. त्यांच्या 2857 काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 मध्ये विकत घेतल्या, म्हणून त्या टिकल्या. अजिंठ्याची चित्रे वर्षानुवर्षे रंगवून उतरवणाऱ्या रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यांनी कॅमेऱ्याने काढलेली अजिंठ्याची छायाचित्रे मात्र आजही पाहायला मिळतात.

पण हे सगळे कॅमेरे लेणी, किल्ले, मकबरे आणि राजवाडे यांच्यासाठी निघालेले होते. कुणब्याचे धाब्याचे घर, गावाची वेस, पाटलाची गढी, पाणवठ्याची बारव त्यांच्या वाटेत क्वचितच आली. ते काम गावातल्या फोटो स्टुडिओंनी केले, तेही लग्न, मुंज आणि सत्काराच्या निमित्ताने. त्यामुळे गेवराईचे चित्ररूप दफ्तर लंडनला किंवा दिल्लीला शोधण्यात अर्थ नाही. ते इथल्या ट्रंकांत आहे.

आणि टिपून ठेवण्यासारखे या तालुक्यात किती आहे! 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी जिथे निजामाचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला, ते राक्षसभुवन इथेच आहे. तिथले शनिमंदिर, पांचाळेश्वरचे महानुभावांचे आत्मतीर्थ, तलवाड्याची त्वरितादेवी यांच्या जत्रा-यात्रांत पिढ्यान्‌पिढ्या फोटो निघाले असणार. त्यांच्या पार्श्वभूमीला गोदावरीचे पात्र आहे. वाळूचा उपसा होण्याआधी ते कसे दिसत होते, जायकवाडीचे धरण होण्याआधी उन्हाळ्यात पाणी कुठवर असे, याचा पुरावा एखाद्या बारशाच्या किंवा दशक्रियेच्या फोटोतही सापडू शकतो.

इंग्रज माणूस हौसेने बंगल्यापुढच्या बगिच्याचे फोटो काढतो. आपल्याकडे बाग म्हटले की मोसंबी डोळ्यापुढे येते. 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि शेतकऱ्यांनी हाताने लावलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. त्या बागेत पहिल्या बहराच्या वेळी काढलेला फोटो कुणाच्या घरात असेल, तर तो या तालुक्याच्या शेतीचा दस्तऐवज आहे. त्याला कौटुंबिक आठवण म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल.

काम अवघड नाही, पण त्याला उशीर परवडणारा नाही. जुने स्टुडिओ बंद होत आहेत आणि त्यांच्या निगेटिव्ह रद्दीत जाण्याची भीती आहे. त्याहून मोठे नुकसान माणसांच्या जाण्याने होते. फोटोतला डावीकडून तिसरा कोण आणि मागची भिंत कुणाची, हे सांगणारी ऐंशी वर्षांची आजी गेली की तो फोटो मुका होतो. म्हणून फोटोइतकीच त्यामागची माहिती मोलाची आहे. जागा, अंदाजे साल, माणसांची नावे आणि फोटो कुणाकडून मिळाला, एवढे तरी त्याच वेळी लिहून घेतले पाहिजे.

फोटो घरच्यांकडून मागून कायमचा नेऊ नये. प्रत करून मूळ परत द्यावा, तरच लोक ट्रंका उघडतील. जुन्या फोटोला लॅमिनेशन करू नये, मागे डिंक लावू नये, पेनाने लिहू नये. मऊ शिसपेन पुरते. स्कॅनर नसेल तर काच काढून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर घेतलेली प्रतही चालते. जमलेल्या प्रतींचा एक संच तालुक्याच्या वाचनालयात आणि दुसरा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या इतिहास विभागाकडे ठेवावा, म्हणजे एका जागी आग लागली किंवा पाणी शिरले तरी दुसरा राहील.

हे काम शाळांनी उचलावे. नववीच्या मुलांना इतिहासाचा प्रकल्प म्हणून आपल्या गल्लीतले फक्त पाच जुने फोटो माहितीसह आणायला सांगावे आणि सोबत आज उभ्या असलेल्या वाड्यांचे, वेशींचे, बारवांचे नवे फोटो काढायला लावावेत. मुख्याध्यापकांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी ही सूचना काढावी, आणि ज्यांच्या घरात वाडा पाडायचे ठरले आहे त्यांनी मजूर लावण्याआधी एक दिवस या मुलांना आत येऊ द्यावे.